नाल झिजायची वाट पाहू नका

वाचकाचं पत्र:

"डॉक्टर, रामराम. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून पाच वर्षांची मारवाडी घोडी घेतली. नाव चांदणी. रोज शेतावर रपेट होते आणि लग्नसराईत ती वरातीलाही जाते. घेतल्यापासून नालबंद दोनदा येऊन गेले. नाल झिजली की बोलावतो. महिनाभरापासून ती उतारावर पुढच्या पायांनी ठेचकाळते. खूर पुढून लांब झालेत आणि टाचा बसल्यासारख्या दिसतात. नालबंद म्हणतात, टाचेखाली चामड्याची पट्टी घालून जाड नाल मारू. मेव्हणे म्हणतात, नाल काढूनच टाका. पुतण्या व्हिडिओ बघून म्हणतो, काका, कानस आणा, मीच कापतो. शिवाय पावसात खुरांना वास यायला लागलाय, म्हणून जळकं ऑईल लावतोय. फोटो सोबत पाठवलेत. कोणाचं ऐकू?"

रामराम. फोटो नीट पाहिले. पत्रातलं एक वाक्य मात्र पुन्हा पुन्हा वाचलं: 'नाल झिजली की बोलावतो.' चांदणीच्या पायांचं दुखणं तिथून सुरू झालंय. त्याकडे येतोच, पण आधी एक तपासणी आजच करून घ्या.

ठेचकाळणं वेगळं आणि लंगडणं वेगळं. तिला सपाट, टणक जागेवर दोर सैल सोडून दुडकी चालवा आणि समोरून बघा. दुखऱ्या पुढच्या पायावर भार आला की घोडं डोकं वर फेकतं, चांगला पाय टेकला की मान खाली घेतं. असं दिसलं, खूर हाताला गरम लागला, किंवा खुराच्या वर मागच्या बाजूला बोटं टेकवल्यावर नाडी ठणठण उडताना जाणवली, तर पुढचं वाचण्याआधी गुरांच्या डॉक्टरांना फोन करा. आत पू धरला असेल, खिळा टोचत असेल किंवा लॅमिनायटिसची सुरुवात असेल. लॅमिनायटिसमध्ये खुराच्या आतलं हाड ज्या पापुद्र्यांनी खुराच्या बाहेरच्या कठीण कवचाला, म्हणजे भिंतीला, धरून असतं तेच सुजून सुटायला लागतात, आणि तिथे एका दिवसाचा उशीरही फार महाग पडतो. यातलं काही नसेल तर हातात वेळ आहे.

घोड्याचा खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. तुमच्या हिशेबाने नालबंद चार महिन्यांनी येतात, म्हणजे दोन भेटींच्या मध्ये खूर तीन सेंटिमीटरच्या आसपास वाढलेला असतो. अनवाणी घोड्याचा खूर जमिनीवर घासून झिजत तरी असतो. नालेवरच्या खुराला ती सोय नाही, तो वाढतच राहतो. त्यातून खुराचा उतार पुढच्या बाजूला असल्यामुळे वाढही तिरकी पुढे सरकते आणि नालेला सोबत ओढून नेते. बाजूने काढलेला फोटो मोठा करून बघा: नालेचं मागचं टोक टाचेच्या बोटभर पुढे आलंय. बसवली त्या दिवशी ते टाचेखाली असणार. आता टाच अधांतरी आहे आणि ते टोक टाचेच्या कोपऱ्यात रुततंय. टाचा बसल्यासारख्या दिसतात त्या यामुळे. त्या चिरडून पुढे वाकल्यात. नाल मात्र अजून जाड आहे, म्हणून तुम्हाला वाटलं की वेळ झालेली नाही. नालेची झीज बघून नालबंदाला बोलावणं हा आपल्याकडचा सर्रास रिवाज आहे आणि घोड्यांच्या पायांचं त्याने जेवढं वाटोळं केलंय तेवढं खराब रस्त्यांनीही केलं नसेल. बोलावायचं ते खुराच्या वाढीवरून, म्हणजे कॅलेंडर बघून.

आता ठेच का लागते ते. पाऊल उचलताना खूर पुढच्या टोकावरून उलटतो. टोक जितकं लांब तितका उलटायला उशीर, आणि पाय पुढे येताना ते टोकच जमिनीला अडतं. मापापेक्षा मोठी चप्पल घालून पायऱ्या उतरताना आपलं होतं, तसंच. घोड्याच्या पुढच्या दोन पायांवर एरवीही जवळपास ६० टक्के वजन असतं, उतारावर ते आणखी वाढतं, म्हणून तुम्हाला हे उतारावर आधी दिसलं. न दिसणारं नुकसान याहून मोठं आहे. पायाच्या मागून खाली येणारी जाड कंडरा खुरात शिरते, नॅव्हिक्युलर नावाच्या लहानशा हाडाखालून जाते आणि खुरातल्या मुख्य हाडाला चिकटते. टोक लांब आणि टाच खाली असेल तर ती प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते आणि त्या लहान हाडावर दाबली जाते. असं दीर्घकाळ चाललं तर पुढे कितीही चांगला नालबंद आणला तरी लंगडेपण जात नाही. चांदणी पाचच वर्षांची आहे. तिची उमेद आणि पाय दोन्ही वाचवता येतील अशा टप्प्यावर तुम्ही पत्र लिहिलंत, हे फार बरं झालं.

कापणी तोलात आहे की नाही हे तुम्हालाही ओळखता आलं पाहिजे. तिला सिमेंटच्या सपाट ओट्यावर चौरस उभी करा आणि मोबाईल जमिनीला टेकवून बाजूने फोटो काढा. खुराच्या वरचा पायाचा तिरका भाग, पेस्टर्न, त्याची पुढची कड आणि खुराची पुढची कड एका रेषेत हवी. तुमच्या फोटोत ही रेषा मधेच मोडून मागे पडलीय. पेस्टर्न उभी आणि खूर आडवा. कोणी तुम्हाला अंश सांगेल, पुढचा खूर ५० अंशांचा, मागचा ५५ चा. अंदाज म्हणून ठीक आहे, पण प्रत्येक घोड्याची पेस्टर्न वेगळ्या उताराची असते आणि खुराने तिच्याशी जुळायचं असतं. आकडा गाठायच्या नादात पाय बिघडवलेले मी पाहिलेत.

मग समोरून बघा. केस संपून खूर सुरू होतो ती कड जमिनीला समांतर आहे का? एका बाजूला वर उचललेली असेल तर त्या बाजूची भिंत उंच राहिलीय आणि पाऊल टेकताना तीच बाजू आधी आपटते. मागून दोन्ही टाचा सारख्या उंचीच्या दिसायला हव्यात. पाय उचलून तळ बघितला तर मधोमध ती त्रिकोणी गादी दिसेल, जिला डॉक्टर लोक फ्रॉग म्हणतात. ती जिथे सगळ्यांत रुंद असते, तिथपर्यंत टाचा मागे यायला हव्यात. चांदणीच्या टाचा त्याच्या बऱ्याच पुढे संपतात. खुराच्या भिंतीवर आडव्या रेघा असतात, त्याही वाचायला शिका. पुढे आणि मागे त्यांच्यात सारखं अंतर असेल तर वाढ निरोगी. टाचेकडे रुंद आणि पुढे चिंचोळ्या होत गेल्या असतील तर कधीतरी लॅमिनायटिस येऊन गेलाय असा संशय धरावा. बाजारात विक्रीआधी खूर तेल लावून काळेभोर चमकवतात, त्यात या रेघा सहज नजरेतून सुटतात.

नालबंदांच्या चामड्याच्या पट्टीविषयी. त्यांचा विचार सरळ आहे: टाच खाली गेलीय, तर खालून उचलू. फोटोत रेषा लगेच सरळ दिसेल, घोडी चार दिवस बरी चालेलही. पण उंचावलेल्या टाचेवर भार आणखी येतो, आणि तिथलं खूर आधीच चिरडलेलं, कमजोर आहे. दोन-तीन महिन्यांत टाचा आणखी पुढे वाकतात, मग पट्टी आणखी जाड लागते. कंडरेच्या दुखापतीत डॉक्टर एक्स-रे बघून काही आठवड्यांसाठी अशी पट्टी सुचवतात, तो उपचाराचा भाग. नेहमीसाठी नको. जाड नाल तर बिलकुल नको. पायाच्या पार टोकाला वजन वाढवलं की आधीच उशिरा उलटणारा पाय जास्त थकतो.

करायचं काय? टोक मागे आणायचं. त्यासाठी तळातून खणायचं नसतं. खुराच्या पुढच्या कडेला खालच्या बाजूने कानस लावून भिंतीची बाहेर आलेली जाडी कमी करायची आणि कड गोलसर करायची, म्हणजे खूर लवकर उलटतो. कानस भिंतीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यापुरतीच ठेवायची. काही नालबंद दिसायला गुळगुळीत व्हावं म्हणून वरपासून खालपर्यंत कानस फिरवतात, त्याने भिंत पातळ होते आणि पुढे खिळा धरत नाही. दुसरी गोष्ट ऐकायला उलटी वाटेल: टाचा खाली बसल्यात तरी त्या थोड्या कापायच्या आहेत. वाकून पुढे आलेलं, दुमडलेलं खूर तसंच ठेवलं तर नवीन वाढही त्याच्यावरून पुढेच घसरते. ते काढून घट्ट, सरळ खुरापर्यंत आलं की टाचेचा टेका मागे सरकतो. पण एकदम सगळं नाही. एका बैठकीत कोन बदलला तर सांधे आणि कंडरा धक्का खातात. दर चार आठवड्यांनी थोडं थोडं. केसांच्या कडेपासून निघालेलं नवं खूर पुढच्या टोकाला जमिनीपर्यंत पोचायला नऊ महिने ते वर्ष लागतं, टाचेला त्याच्या निम्मा वेळ. म्हणजे टाचांमधला फरक संक्रांतीच्या सुमाराला दिसू लागेल, आणि पुढच्या पोळ्यापर्यंत तिच्या पायात संपूर्ण नवा खूर असेल.

तळव्याबद्दल नालबंदांशी आधीच बोलून घ्या, कारण हात सवयीने चालतो. सुरीने तळवा खरवडून पांढराशुभ्र, स्वच्छ काढला की मालक खूश होतो. तो तळवा म्हणजे तिच्या हाडाखालचं एकमेव संरक्षण आहे. हाडाच्या टोकाखाली निदान दीड सेंटिमीटर जाडी असावी. आपोआप सुटत असलेले पोपडे काढा, त्याखालचं सोडून द्या. अंगठ्याने जोर देऊन दाबलं आणि तळवा किंचितही लवला, तर तो पातळ आहे. अशी घोडी खडीवर पाय चोरणारच. फ्रॉगचेही फक्त लोंबते, कुजके तुकडे काढायचे. प्रत्येक पावलाला हा भाग आणि टाचा दबून रुंदावतात आणि परत मिटतात. धक्का त्यातच जिरतो आणि पायातलं रक्त वर ढकलायलाही मदत होते.

आता मेव्हण्यांचं म्हणणं. या वेळेपुरतं मी त्यांच्या बाजूने आहे. चातुर्मास लागलाय, तुळशीच्या लग्नापर्यंत वराती नाहीत. तोवर तिला मातीतच चालायचंय. नाल काढा, वर सांगितल्याप्रमाणे कापून घ्या आणि तिला मोकळ्या पायांनी राहू द्या. टाचांना पसरायला वाव मिळेल आणि दर चार आठवड्यांच्या कापणीत सुधारणाही लवकर होईल. पहिले आठ-दहा दिवस मऊ रानातच फिरवा, पाठीवर बसू नका. खडीच्या रस्त्यावर ती आखडून चालत असेल तर हट्ट करू नका, नाल परत बसवा. अनवाणी घोडं म्हणजे नैसर्गिक आणि नाल म्हणजे अत्याचार, असं सांगणारे हल्ली बरेच भेटतात. पातळ तळव्याच्या घोडीला दगडांवरून अनवाणी चालवणं हाही छळच आहे.

कार्तिकात वराती सुरू झाल्या की डांबरावर तासन्‌तास चालायचंय, तेव्हा नाल लागेल. त्या वेळी समोर उभे राहा आणि बघा की नाल खुराच्या आकाराला ठोकून वाकवली जातेय. तयार नाल लहान पडली म्हणून खूरच पुढून कानसून नालेएवढा केला जात असेल तर तिथेच थांबवा. नालेची मागची टोकं टाच संपते तिथपर्यंत पोचलेली हवीत, दोन-चार मिलिमीटर बाहेर आली तरी चालतील. खिळे खुराच्या सगळ्यांत रुंद भागाच्या पुढेच मारायचे. मागे मारले तर टाच जखडते. आणि गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरते, हे वरातीच्या वाटेत कायम लक्षात असू द्या. माथेरानच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक बसले तेव्हा घोडेवाल्यांनी घोडी घसरतात म्हणून तक्रार केली होती, आणि ती घोडी तर रोज त्याच वाटेने जाणारी.

वासाचं. फ्रॉगच्या खाचेत काळं, चिकट, सडक्या वासाचं काही निघत असेल तर तो थ्रश आहे. हे जंतू हवा न लागणाऱ्या ओल्या खाचेत वाढतात, आणि जळकं ऑईल लावून तुम्ही ती खाच वरून बंद करताय. ते आजपासून थांबवा. खूर रोज आकडीने साफ करा, पाण्याने धुतला तर कोरडा पुसा. द्राक्षवाल्यांच्या घरात बोर्डोच्या बुरशीनाशक फवारणीसाठी मोरचूद असतंच; प्लास्टिकच्या भांड्यात एका लिटर पाण्याला २० ग्रॅम घाला, कापसाचा बोळा भिजवून खाचेत बसवा आणि रोज बदला. चुना मिसळलेलं फवारणीचं तयार बोर्डो वापरू नका. आतून रक्त येत असेल किंवा लालभडक मांस दिसत असेल तर मोरचूद झोंबेल, तिथे डॉक्टरांकडून पोव्हिडोन आयोडिन घ्या. औषधापेक्षा जागा महत्त्वाची: मुरूम टाकून उभं राहायची जागा थोडी उंच आणि उतरती करा, लघवी साचू देऊ नका, वर कोरडं पाचट पसरा.

पुतण्याला नाराज करू नका, असा उत्साह क्वचित दिसतो. रोज चारही पाय उचलून साफ करायचं काम त्याला द्या. कोणत्या खुराला वास येतो, कुठे भेग पडली, कोणता गरम आहे हे त्याला सगळ्यांच्या आधी कळेल. नालबंद येतील तेव्हा शेजारी बसून त्याने बघावं. दोन-चार महिन्यांनी, ती अनवाणी असताना, दोन भेटींच्या मध्ये कडेचा धारदार काठ कानसेने गोल करणं त्याच्याकडे द्यायला हरकत नाही. खूर कापायची पक्कड आणि सुरी मात्र एवढ्यात नको. व्हिडिओत दिसणारा पाय आणि तुमच्या घोडीचा पाय एकच नसतो.

खाण्याचं थोडक्यात: गव्हाचा कोंडा आणि धान्य कमी, वाळका चारा भरपूर, लसूणघास बेताने. बायोटिन द्यायचं असेल तर दिवसाला २० मिलिग्रॅम, आणि सहा महिने तरी सातत्याने. महिन्याभरात फरक दिसत नाही. पोळ्याला बैलांसोबत चांदणीच्याही पुढे पुरणपोळ्यांचं ताट येईल. एक तुकडा ओवाळणीपुरता, बस. गूळ-धान्याच्या अतिरेकातून लॅमिनायटिस झालेली जनावरं मी पुष्कळ पाहिलीत आणि त्यांच्या मालकांनी ते प्रेमानेच भरवलेलं होतं. धनुर्वाताची लस झाली नसेल तर ती याच आठवड्यात टोचून घ्या, घोड्याला हा रोग फार पटकन होतो आणि खुरात घुसलेला एक खिळा त्याला पुरतो. कापणी सुरू करण्यापूर्वी दोन्ही पुढच्या खुरांचा बाजूने एक्स-रे मिळाला तर उत्तम. आतलं हाड कसं बसलंय ते कळलं की नालबंदांचा हातही निर्धास्त चालतो. तुमच्या डॉक्टरांकडे सोय नसेल तर परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा.

राहिले तुमचे नालबंद. त्यांना बदलू नका, निदान लगेच नाही. ते चार महिन्यांनी येतात कारण तुम्ही चार महिन्यांनी बोलावता. शिवाय आपल्याकडे पैसे नालेचे दिले जातात, नुसत्या कापणीचे कोणी देत नाही. मग निव्वळ कापायला कोणी इतक्या लांब का यावं? त्यांना स्वच्छ सांगा की नाल मारली नाही तरी मजुरी तेवढीच देऊ. आजूबाजूच्या गावांतली घोडी त्याच दिवशी एका ठिकाणी जमवा, म्हणजे त्यांचा दिवस भरेल. सध्या चार आठवड्यांचा फेरा ठरवा; टाचा सुधारल्या की अनवाणी घोडीला सहा आणि नालवालीला पाच-सहा आठवडे पुरतात. पुढची तारीख ते निघायच्या आधीच ठरवून गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि दर वेळी कापणीच्या आधी व नंतर, त्याच ओट्यावर, त्याच बाजूने फोटो काढून ठेवा. तीन कापण्यांनंतरचे मला पाठवा, त्यावरून नालेचं माप आणि कार्तिकातल्या वरातींचं ठरवू.